चोवीस ओळी, ऐंशी अक्षरं

२ सप्टेंबर २०२५, मंगळवार. संध्याकाळी ५ वाजून ४० मिनिटं.

दुकानाच्या मागच्या ओट्यावर बसून मशीनच्या पाठीवरची धूळ ओल्या बोटाने पुसत होतो, तेव्हा जीजाजी मागून येऊन म्हणाले, "काय लपवून राहिला बे?" लपवत नव्हतो. पण त्यांनी तसं म्हटल्यावर खरंच हात आडवा धरला.

मशीन सुपेल्याच्या कबाड्याकडून, भंगारातून आणलं. टीव्ही समजून उचलत होतो, तर तो म्हणाला, "टीवी नोहे भैया, कम्प्यूटर के मुंडी हे. धड कहाँ गे, भगवान जाने!" आणि स्वतःच हसला. फुकटात दिल्यासारखं दिलं. इतकं स्वस्त कशाला देतो? चोरीचं तर नाही? पावती मागितली तर आणखी हसला.

पाठीवरच्या पत्र्यावर कोरलेलं, जसंच्या तसं: व्हिडिओ डिस्प्ले टर्मिनल. २३० व्होल्ट. ६५ वॉट. साल १९८१. पडदा बारा इंची. कीबोर्ड सुटा नाही, मशीनच्याच पोटातून निघालेला. मागे पंचवीस पिनांचं एक तोंड, आणि नखाएवढ्या आठ बटणांची रांग. बटणांपुढे काहीच लिहिलेलं नाही. जे लिहिलेलं नसतं त्याचीच मला जास्त भीती वाटते.

ही वही मराठीत. जीजाजी मराठी बोलतात, वाचायचा मात्र त्यांना कंटाळा. शाळा त्यांचीही हिंदीत, माझीही. पण बाबा भिलाई स्टील प्लांटमधून सुटून घरी आले की नागपूरचा पेपर समोर ठेवून ऱ्हस्व-दीर्घ तपासायचे. बाबा गेले. सवय राहिली.


४ सप्टेंबर, गुरुवार.

आज एक गोष्ट घडली. चांगली की वाईट, कळत नाही.

सेक्टर ६ मधून एक म्हातारे साहेब मिक्सर घेऊन आले. दयाराम सर. पूर्वी कुठल्याशा ऑफिसात कॉम्प्युटर सेक्शनला होते. मिक्सर काउंटरवर ठेवला आणि मागे माझ्या मशीनकडे नजर गेली, तर मिक्सर विसरलेच! सरळ आत आले. दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. हार्मोनियमवर ठेवतात तसे.

"हे तुमच्याकडे कुठून आलं?"

मी म्हटलं, कबाडातून. पुढे काही सांगितलं नाही.

ते पडद्याच्या काचेवर बोट फिरवत बोलत राहिले. ओळीत ऐंशी अक्षरं. अशा चोवीस ओळी. त्यापुढे एक ओळ जरी आली तरी सगळ्यात वरची गेली.

"कुठे गेली?" मी विचारलं.

"गेली म्हणजे गेली. यात काही साठत नाही हो. हे फक्त दाखवतं. विचार करणारं मशीन आतल्या खोलीत, एसीत असायचं. आम्ही बाहेर, पंख्याखाली."

मग मुद्द्यावर आले. त्यांची मुलगी समृद्धी रायपूरच्या एका कॉलेजात शिकवते. तिथे जुन्या यंत्रांची एक खोली तयार होते आहे. मशीन चालू करून दाखवलं तर कॉलेज ते विकत घेईल. आणि त्या खोलीतली यंत्रं चालती ठेवायला एक माणूस हवाच आहे, कराराने का होईना. "सर्टिफिकेट कोणी विचारणार नाही. मशीन लावून दाखवा." मुलगी १८ तारखेला भिलाईत येणार. त्या दिवशी बघायला येतील.

दहावीत दोनदा नापास झालो. नीतूताईच्या नवऱ्याने, म्हणजे जीजाजींनी, या दुकानात घेतलं नसतं तर कुठे असतो? सहा वर्षं वैशाली नगरच्या या शटरखाली बसतो आहे. जे बिघडेल ते दुरुस्त करतो आणि दिवसातून चार वेळा "साले साहेब" ऐकतो. रायपूरची ती खोली मला डोळ्यापुढे दिसते.

पण मिक्सर घेऊन आलेला माणूस नोकरी देऊन जातो का? कुठे तरी काही तरी आहे.


६ सप्टेंबर, शनिवार.

सरांचे प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपवर आले. अक्षर किती ठिपक्यांचं? लहान अक्षरं उमटतात की फक्त मोठी? वेग किती ठेवता येतो? मागच्या तोंडाचा फोटो. सीरियल नंबर.

सीरियल नंबर कशाला? मशीन दाखवायला ठेवायचं आहे ना?

तोंडाचा फोटो पाठवला. नंबरवर आधी काळी टेप लावली.

सरांचं उत्तर आलं: "टेप का?" मी लिहिलं: "तिथे पत्रा फाटला आहे." फाटलेला नाही.


८ सप्टेंबर, सोमवार.

लागलं!!

पॉवर सप्लायमधले दोन कपॅसिटर फुगलेले होते. बदलले. फ्यूज बदलला. आधी काहीच नाही. मग बारीक, कानात टोचणारी शिट्टी. मग तापलेल्या धुळीचा वास. आणि मग वरच्या डाव्या कोपऱ्यात एक हिरवी रेघ. लुकलुकणारी. बाकी पडदा काळा.

जीजाजी बघायला आले. "एवढ्यासाठी?"

त्यांना काय सांगू!

आठही बटणं एकेक करून वर-खाली केली, प्रत्येक वेळी काय होतं ते लिहून ठेवलं. सहावं वर करून मशीन सुरू केलं की पडदा आपोआप अक्षरांनी भरतो. एबीसीडी पुन्हा पुन्हा, दर ओळीला एका घराने सरकत. फूटपट्टी लावून मोजली. ऐंशी. ओळी चोवीस. सर खोटं बोलले नव्हते. निदान एवढ्यापुरते तरी.

एक अक्षर सात ठिपके रुंद, नऊ उंच. भिंग लावून पाहिले. सगळे ठिपके आपापल्या जागी. इतकी नीटनेटकी वस्तू मी आजवर पाहिली नाही.


१० सप्टेंबर, बुधवार.

जीजाजी शटरबाहेर फोनवर बोलत होते. आवाज खाली. मी सोल्डरिंगची वायर शोधायच्या निमित्ताने दाराशी गेलो.

"हो सर… नाही सर, दुसरीही पार्टी आहे न… नाही नाही, त्याले सांगू नका. मी बोलून राहिलो न तुमच्यासंग."

मला पाहिलं आणि लगेच, "चलो सर, रखता हूँ."

कोण सर? विचारलं. म्हणाले, "इन्व्हर्टरवाला." इन्व्हर्टरवाल्याला ते कधीपासून सर म्हणायला लागले?


११ सप्टेंबर, गुरुवार.

नीतूताईकडून नेलपॉलिश मागून आणलं. "कोणासाठी रे? नाव त सांग!" म्हणून ती हसत सुटली. सांगितलं नाही.

मशीनच्या मागचे सहाही स्क्रू घट्ट केले आणि प्रत्येकाच्या खाचेवर, अर्धा स्क्रूवर अर्धा पत्र्यावर, लाल ठिपका दिला. स्क्रू फिरला की ठिपका तुटेल. आता बघू.


१३ सप्टेंबर, शनिवार.

दोन ठिपके तुटले आहेत! वरचे दोन.

जीजाजींना थेट विचारलं. लपवलं नाही त्यांनी. "हो, खोललं. पाह्यत होतो सोनंबिनं लागलं आहे का आत. पाच मिनिटात वापस लावलं. त्यात का झालं? दुकान माहं आहे न बाप्पा."

"मशीन माझं आहे."

"आणि टेबल? लाइट? पंखा?" मग हसून, "पोलीस चौकीत पाह्यजे होता तू, साले साहेब. इथं वाया चालला."

काउंटरवरचं गिऱ्हाईकही हसलं. मी हसलो नाही. उघडून बघण्यात आणि विकण्यात फार अंतर नसतं. मशीन घरी न्यायचा विचार केला, पण बोरसीपर्यंत रिक्षात हे धूड हादरेल. काच फुटली तर सगळंच संपलं.


१५ सप्टेंबर, सोमवार.

भरलेल्या पडद्याचा व्हिडिओ सरांना पाठवला. उत्तर: "वा! गुरुवारी सकाळी ११ ला येतो. समृद्धीही असेल."

आईला सांगितलं. तिने आधी देवाला हात जोडले, मग म्हणाली, "पण पितृपक्षात पैसा हाती नको घेऊ. घट बसले की घे." तिला रायपूर म्हणजे लंडन वाटतं. "जेवणाचं कसं करशीन तिथं?" अजून काही मिळालं नाही, तरी तिने डबे काढून ठेवले आहेत.


१७ सप्टेंबर, बुधवार. विश्वकर्मा पूजा.

आज कुठल्याच मशीनला वीज लावायची नसते. प्लांटपासून पंक्चरच्या टपरीपर्यंत सगळे हात बांधून. तपासून बघायची इतकी इच्छा होती! पण जीजाजी असते तरी आणि नसते तरी, आजच्या दिवशी हे मी केलं नसतं.

आई सकाळीच रिक्षाने दुकानात आली होती, पूजेचं ताट घेऊन. मला बुंदी आणायला सुपेल्याला पाठवलं. रांग मोठी, पाऊण तास गेला. परत आलो तर पूजा उरकलेली. सोल्डरिंग आयर्न, ब्लोअर, ड्रिल, सगळ्यांवर कुंकू. माझ्या मशीनवर सगळ्यात मोठं स्वस्तिक.

पण एक गोष्ट खटकली. मशीन भिंतीकडे तोंड करून फिरवलेलं होतं. आणि टेबलफॅन नेमका त्याच्यावर, फुल! आज वीज लावायची नाही ना?

जीजाजी म्हणाले, "पंखा चालते. पंखा मशीन थोडीच होय." खांद्यावर टॉवेल, कपाळावर घाम. आई ताट झाकत होती, खुशीत होती.

"याला हवा कशाला?"

"जुनी वस्तू आहे. हवा लागू दे."

मशीनचं तोंड पुन्हा पुढे केलं. ठिपके पाहिले. वरचे दोन शनिवारी पुन्हा दिले होते, तेही धरून सहाच्या सहा शाबूत. म्हणजे उघडलं तरी नाही. मग काय केलं?


१८ सप्टेंबर, गुरुवार.

 अक्षर नीट येत नाही. सगळं क्रमाने लिहितो.

साडेनऊला दुकानात. जीजाजी माझ्याआधी हजर. असं कधीच होत नाही. पंखा मशीनवर सुरूच. म्हणाले, "पियू, आज नको लावू. सरले उद्या बोलाव."

पियू म्हणाले. साले साहेब नाही.

"कावून?"

"असंच. मन नाही म्हणत."

"मन नाही म्हणत की दुसरी पार्टी उद्या येऊन राहिली?"

त्यांचा चेहरा पडला. मग मला खात्रीच झाली. म्हणाले, "मी करतो सरले फोन. मी सांगतो का तब्येत बरी नाही तुही. एक दिवस, फक्त एक दिवस थांब." मी म्हटलं, तुमच्या फोनवर माझा भरवसा नाही. त्यांनी प्लगवर हात ठेवला. मी तो हात बाजूला केला. नीतूताईच्या नवऱ्याचा हात. असा झटकून.

प्लग लावला. सहावं बटण वर. स्विच.

शिट्टी आली. रेघ आली. अर्धा पडदा भरला, मला वाटतं बारा-तेरा ओळी. मग आतून चटचट असा आवाज, पडदा मधोमध एका जाड हिरव्या पट्टीत गोळा झाला, आणि फट्! धूर. जळका वास, आणि त्याखाली कसला तरी गोडसर.

बरोबर अकराला सर आणि त्यांची मुलगी आले. जळका वास अजून गेला नव्हता.

समृद्धी मॅडम चांगल्या बोलल्या. "होतं असं. चाळीस वर्षांहून जुनं आहे." पण खोली २६ तारखेला उघडायची आहे. चालतं मशीन हवं. नागपुरात एक सापडलं आहे, ते बघतील. ज्याच्याकडे ते आहे तो माणूसच खोली सांभाळायला तयार आहे म्हणे.  जाताना सर कीबोर्डवरची धूळ रुमालाने पुसून गेले.

ते गेल्यावर मी जे बोललो ते इथे सगळं लिहिणार नाही. दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. नीतूताई डबा घेऊन दारात उभी होती. मी म्हटलं, तुम्हीच बिघडवलं. मी जाईन म्हणून. फुकटचा नोकर हातचा जाईल म्हणून. सहा वर्षं—वगैरे.

जीजाजींनी एवढंच म्हटलं, "फोन केला होता. सरले म्हटलं, दुसरी पार्टी आहे, रक्कम वाढवा. मधात थोडं दुकानाले राहिलं असतं. हे केलं मी. चोर म्हण मले. पण मशीन मी नाही बिघडवली."

"मग कोणी बिघडवली? पंखा कावून लावला होता? आज कावून थांबवून राहिले होते?"

तोंड उघडलं त्यांनी. नीतूताईकडे पाहिलं. मग मिटलं.

"जाऊ दे," म्हणाले.

निरपराध माणूस जाऊ दे म्हणतो का?

नीतूताई डबा दारातच ठेवून गेली. मी ऑटो केली, मशीन मांडीवर धरून बोरसीला आणलं. आता फुटलं तरी काय!


१९ सप्टेंबर, शुक्रवार.

दुकानात गेलो नाही. आईला सांगितलं, सुट्टी आहे.


२० सप्टेंबर, शनिवार.

सकाळी मशीनला मुंग्या लागलेल्या दिसल्या. लाल, बारीक. दाराच्या फटीतून भिंतीने, टेबलाच्या पायाने वर, आणि मशीनच्या माथ्यावरच्या हवेच्या जाळीतून आत. लोखंडात मुंग्यांना काय मिळणार?

सहा स्क्रू काढले. आत बोर्डावर पांढुरका, चिकट थर. पडद्याला जास्त दाबाची वीज देणाऱ्या ट्रान्सफॉर्मरच्या पायथ्याशी सगळ्यात जास्त. तिथेच बोर्ड काळा पडलेला. बोटाला लावून चाटून पाहिलं.

गोड!

म्हणजे कोणी तरी वरून ओतलं. सरबत, नाही तर कोल्ड्रिंक. उघडायची गरजच नव्हती, म्हणून सहाही ठिपके शाबूत. म्हणून पंखा, पुरावा वाळवायला. सगळं बसतं. एकेक खाच बसते.

नीतूताईला फोन लावला. फोटो पाठवले. म्हटलं, बघ तुझ्या नवऱ्याचं काम. तिने फोटो पाहिले. मग, "दोन दिवस झाले, जेवले नाहीत ते बरोबर. विचारलं त म्हणते, पियूले काही बोलू नको. आणि तू मले मुंग्याचे फोटो पाठवून राहिला?"

"मग त्यांनी कबूल करावं."

"दसऱ्याले येऊ नको तू," म्हणाली. फोन ठेवला.

तिने असं आजवर कधी म्हटलं नव्हतं. पण गोड ते गोडच आहे. मी चाटून पाहिलं आहे.


२१ सप्टेंबर, रविवार.

बोर्ड स्पिरिटने धुतला. चार वेळा. ट्रान्सफॉर्मर गेलाच आहे, असा आता कुठे मिळणार नाही. सरांना लिहिलं. सरांनी लिहिलं, "वाईट वाटून घेऊ नका. नागपूरचं ठरलं." रायपूर संपलं.

आईने डबे पुन्हा फळीवर ठेवले. 


२२ सप्टेंबर, सोमवार. घटस्थापना. सकाळी ८.

आई घट मांडता मांडता म्हणाली, "जवायबापूसंग भांडला म्हणे तू. असं नको करू बाप्पा. तुह्या मशीनची त्यायले केवढी काळजी! पूजेच्या दिवशी मी बाकीच्यायले नुसतं कुंकू लावलं, पण तुह्या मशीनले अख्ख्या नारळाचं पाणी वाह्यलं. वरून, त्या जाळीतून, पुरं आत जाऊ देल्लं. त धावतच आले ते. टॉवेल घेतला, पंखा लावला. म्हणे, आई, हे कोणाले सांगू नका, पियूलेही नाही. सांगतलं त फळत नाही. म्हणून मी बोलली नाही इतके दिवस. तरी फळलं नाहीच." मग मातीचा हात पदराला पुसून माझ्याकडे बघत, "माह्या हातून काही चुकलं त नाही न रे?"

मी म्हटलं, "नाही आई. मशीनच जुनी होती."

स्कूटीची किल्ली खिशात आहे. जीजाजी शटर उघडतील तेव्हा बाहेर उभा असेन.